जलसर्वेक्षण आणि सोनारचा डेटा एक्स्पोर्ट कसा करावा: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

सर्वेक्षणाच्या रेषा पूर्ण झालेल्या असतात, भरती-ओहोटीच्या आणि ध्वनिवेगाच्या दुरुस्त्या लागलेल्या असतात, चुकार बिंदू काढून टाकलेले असतात आणि मग कोणीतरी म्हणते, ‘डेटा पाठवून द्या.’ नव्या माणसाला हा कामातला सर्वांत सोपा भाग वाटतो. मेनूतला एक्स्पोर्ट उघडायचा, यादीतून एक फॉरमॅट निवडायचा आणि बटण दाबायचे. परंतु अनेक दिवसांच्या मेहनतीत चुका शिरतात त्या बहुधा याच टप्प्यावर, आणि त्या लक्षात येणेही कठीण असते, कारण फाईल व्यवस्थित उघडते, नकाशाही दिसतो, फक्त खोली किंवा जागा चुकलेली असते. प्रत्येक एक्स्पोर्टमध्ये थोडी माहिती गळते आणि काही निर्णय कायमचे गोठतात. काय गळणार आहे आणि कोणते निर्णय गोठणार आहेत, हे बटण दाबण्यापूर्वी माहीत असावे, यासाठी हा लेख आहे.

आधी डेटाचे थर ओळखावेत

सोनारचा, म्हणजे ध्वनी सोडून तळ मोजणाऱ्या यंत्राचा, डेटा साधारणपणे चार थरांत असतो. पहिला थर कच्च्या नोंदींचा. कोंग्सबर्गच्या मल्टीबीम (एकाच वेळी अनेक ध्वनिकिरणांनी तळाचा रुंद पट्टा मोजणाऱ्या) यंत्रांच्या जुन्या फायली ‘.ऑल’ आणि नव्या फायली ‘.केएमऑल’ या नावाने संपतात, रेसनच्या यंत्रांच्या ‘.एस७के’, तर एजटेकच्या साइड-स्कॅनच्या (दोन्ही बाजूंच्या तळाचे ध्वनिचित्र काढणाऱ्या यंत्राच्या) ‘.जेएसएफ’. या फायलींत प्रत्येक पिंगची (सोडलेल्या ध्वनिस्पंदाची) वेळ, प्रत्येक बीमचा (ध्वनिकिरणाचा) कोन, ध्वनी जाऊन परत यायला लागलेला वेळ, परतलेल्या ध्वनीची तीव्रता, नौकेचे हेलकावे आणि उपग्रहाद्वारे मिळालेले स्थान या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. दुसरा थर प्रक्रिया केलेल्या बिंदूंचा असून त्यात दुरुस्त्या लागलेल्या असतात आणि नाकारलेल्या बिंदूंवर तशी खूण असते. तिसरा थर ग्रिडचा (समान चौकोनांच्या जाळीचा) किंवा मोझॅइकचा (जोडलेल्या ध्वनिचित्रांचा), म्हणजे बिंदूंपासून बनवलेल्या पृष्ठभागाचा. चौथ्या थरात समखोली रेषा, नकाशावर छापायचे खोलीचे आकडे आणि आराखडे येतात.

या थरांतून वरून खाली जाता येते, खालून वर येता येत नाही. दोन मीटरच्या ग्रिडवरून मूळ पिंग परत मिळत नाहीत आणि केवळ स्थान आणि खोली असलेल्या एक्सवायझेड फाईलवरून ध्वनिवेगाची दुरुस्ती नव्याने लावता येत नाही. म्हणून कच्च्या फायली जशा आल्या तशा, नावही न बदलता, केवळ वाचता येतील अशा स्वरूपात वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी. कोंग्सबर्गच्या बाबतीत एक गोष्ट नव्या लोकांकडून हमखास सुटते: पाण्याच्या स्तंभाच्या, म्हणजे यंत्र आणि तळ यांच्यामधल्या पाण्यातून परतलेल्या ध्वनीच्या, नोंदी बऱ्याचदा ‘.डब्ल्यूसीडी’ किंवा ‘.केएमडब्ल्यूसीडी’ अशा वेगळ्या फायलींत जातात. मुख्य फायलींची प्रत घेतली म्हणजे सगळे आले, असे समजू नये.

पायरी १: फाईल कोण उघडणार, हे विचारावे

‘कोणता फॉरमॅट हवा?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘एक्सवायझेड चालेल’ असे येते, कारण विचारणाऱ्यालाही तेवढेच नाव माहीत असते. त्याऐवजी, या फाईलचे पुढे काय करणार आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत उघडणार, असे विचारावे. गाळ उपसण्याचे घनमान काढणाऱ्याला नियमित अंतरावरचे बिंदू किंवा त्रिकोणी जाळे लागते. नौकानयनाचे नकाशे बनवणाऱ्या विभागाला अनिश्चिततेसह पृष्ठभाग आणि त्यामागचे सगळे बिंदू हवे असतात. लाटा आणि प्रवाहांचे गणिती प्रारूप चालवणाऱ्याला नेटसीडीएफ किंवा साधा अक्षरी ग्रिड पुरतो. बुडालेली जहाजे शोधणाऱ्याला साइड-स्कॅनचे मूळ पिंग पाहायचे असतात, केवळ मोझॅइकवर त्याचे भागत नाही. तळाखालचे थर वाचणाऱ्या भूवैज्ञानिकाला सेग-वाय फॉरमॅट लागतो.

उत्तर मिळाल्यावर पूर्ण डेटा देण्याआधी एकाच लहान रेषेचा नमुना पाठवावा. समोरच्याकडे तो नीट उघडला, तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

पायरी २: स्थान, पातळी, चिन्ह आणि एकक ठरवावे

संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे, कारण फॉरमॅट चुकला तर फाईल उघडत नाही आणि चूक लगेच कळते, पण इथे चुकले तर फाईल उघडते आणि चूक झाकली जाते.

आडव्या स्थानासाठी निर्देशांक प्रणालीचे नाव पूर्ण लिहावे. ‘यूटीएम’ एवढे पुरेसे नाही. यूटीएममध्ये पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंश रुंदीचे ६० पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्यातला मधला रेखांश पूर्वेकडच्या मोजणीत ५,००,००० मीटरवर धरलेला असतो. त्यामुळे तेच आकडे शेजारच्या पट्ट्यातही अगदी खरे वाटतात. पट्टा, गोलार्ध आणि भूमापन आधार (डेटम) असे तिन्ही लिहावे, किंवा ईपीएसजी, म्हणजे निर्देशांक प्रणालींच्या प्रमाण यादीतला, क्रमांक द्यावा. डब्ल्यूजीएस ८४ वर आधारित उत्तर गोलार्धातल्या यूटीएम पट्ट्यांचे क्रमांक ३२६ ने सुरू होतात, दक्षिण गोलार्धातले ३२७ ने, आणि पुढचे दोन अंक पट्ट्याचा क्रमांक सांगतात. अक्षांश-रेखांशात देत असाल, तर कोणता स्तंभ आधी आहे हे सांगावे. ईपीएसजी ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी येतो, परंतु बहुतेक एक्सवायझेड फायलींत रेखांश आधी लिहिलेला असतो.

दशांश स्थळांचाही हिशेब हवा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. म्हणून पाच दशांश स्थळे दिली तर अचूकता साधारण एक मीटरवर थांबते आणि सात स्थळे दिली तर ती एक सेंटिमीटरपर्यंत जाते. अर्ध्या मीटरच्या अंतराने बिंदू घेतले असतील आणि एक्स्पोर्टमध्ये पाचच स्थळे राहिली, तर बिंदू ओळीने एकमेकांवर बसतात आणि तळावर नसलेली जाळी उमटते. अशीच जाळी मीटरमधल्या निर्देशांकांतही येऊ शकते. काही सॉफ्टवेअर निर्देशांक ३२ बिटच्या दशांश संख्येत साठवतात आणि तिच्यात साधारण सातच अंक विश्वासाचे असतात. उत्तरेकडचा आकडा २०,९७,१५२ च्या पुढे गेला की अशा संख्येतली सर्वांत लहान पायरी पाव मीटरची होते आणि ४१,९४,३०४ च्या पुढे अर्ध्या मीटरची. निर्देशांकांसाठी ६४ बिटची संख्या निवडावी. खोलीसाठी मात्र ३२ बिट पुरेसे आहेत.

आता उभी पातळी. खोली कशापासून मोजली आहे, हे न सांगता दिलेली खोली निरुपयोगी असते. ती नकाशाच्या संदर्भपातळीपासून (नकाशात शून्य धरलेल्या पातळीपासून) असू शकते, सरासरी समुद्रसपाटीपासून असू शकते किंवा उपग्रह स्थाननिश्चितीतल्या लंबवर्तुळाकृती पृष्ठभागापासून असू शकते. या पृष्ठभागात आणि समुद्रसपाटीत जगाच्या काही भागांत शंभर मीटरच्या आसपास अंतर पडते. इतका मोठा फरक सहज दिसून येतो. खरा धोका असतो तो नकाशाची पातळी आणि सरासरी समुद्रसपाटी यांच्यातल्या एक-दोन मीटरच्या फरकात, कारण दोन्ही आकडे तितकेच विश्वासार्ह वाटतात.

चिन्हाबद्दल फॉरमॅटांचेही एकमत नाही. ग्रिडच्या बॅग फॉरमॅटमध्ये उंची वरच्या दिशेने धन धरतात, म्हणून १२.४ मीटर खोली तिथे उणे १२.४ अशी येते. इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या एस-१०२ मानकात खोली खालच्या दिशेने धन असते. एक्सवायझेडला तर कोणताच नियम नाही. एका फाईलमध्ये एकच चिन्हपद्धत असावी आणि ती सोबतच्या टिपेत स्पष्ट शब्दांत लिहावी. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, जिथे काही बिंदू संदर्भपातळीच्या वर उघडे पडतात, तिथे याची कसोटी लागते, कारण सगळ्या आकड्यांचे केवळ उणे चिन्ह पुसून टाकणारा एक्स्पोर्ट त्या उघड्या बिंदूंनाही पाण्याखाली नेतो.

एककाच्या बाबतीत, एक वाव म्हणजे सहा फूट म्हणजे १.८२८८ मीटर, एवढे लक्षात ठेवले की जुने आकडे उलगडतात. फुटांतल्या निर्देशांकांत मात्र एक बारीक अडचण आहे. अमेरिकन सर्वेक्षण फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन एवढाच फरक आहे. खोलीत तो कधीच जाणवत नाही, पण निर्देशांक २० लाख फुटांचा असेल तर तोच फरक चार फुटांचा होतो. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस सर्वेक्षण फूट वापरातून काढला असला, तरी जुन्या प्रकल्पांच्या फायली अजूनही हातात येतात.

वेळ कोणती आहे, हेही नोंदवावे. जीपीएसची वेळ २०१७ पासून यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. चार नॉट वेगाने जाणारी नौका १८ सेकंदांत सुमारे ३७ मीटर पुढे सरकते. स्थानाची एक फाईल आणि सोनारची दुसरी फाईल वेगवेगळ्या घड्याळांवर एक्स्पोर्ट झाली, तर तेवढ्याने सगळा तळ सरकतो.

पायरी ३: कोणत्या दुरुस्त्या लागल्या आहेत ते पाहावे

भरतीची दुरुस्ती, नौकेचा पाण्याखालचा भाग, ध्वनिवेग, यंत्र बसवताना राहिलेले कोन आणि हेलकाव्यांची भरपाई यांपैकी काय लागले आहे आणि काय नाही, याची यादी एक्स्पोर्टच्या आधी लिहून काढावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘कच्ची खोली’ आणि ‘दुरुस्त खोली’ असे वेगळे पर्याय असतात आणि मागच्या वेळचा पर्याय तसाच निवडलेला राहतो. समजा, नौकेवर १२.६ मीटर मोजले आणि त्या वेळी भरती १.८ मीटर होती. दुरुस्त खोली १०.८ मीटर होईल. पण घेणाऱ्याने ही फाईल कच्ची समजून आपल्याकडची भरती पुन्हा वजा केली, तर तिथे ९.० मीटर दिसेल. उलट प्रकारात खोली जास्त दिसते आणि ते नौकेसाठी अधिक धोक्याचे असते.

पायरी ४: बिंदू द्यायचे असल्यास

एक्सवायझेड ही साधी अक्षरी फाईल असून तिच्या प्रत्येक ओळीत पूर्व, उत्तर आणि खोली असे तीन आकडे असतात. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते, हे तिचे बळ. ती स्वतःविषयी काहीच सांगत नाही, हा तिचा दोष. प्रणाली, पातळी, चिन्ह, वेळ, बीम क्रमांक, अनिश्चितता, परतलेल्या ध्वनीची तीव्रता यांतले काहीही तिच्यात नसते. स्तंभ स्वल्पविरामाने वेगळे करावेत की मोकळ्या जागेने, हे आधी ठरवावे. संगणकाची भाषिक मांडणी दशांशासाठी स्वल्पविराम वापरणारी असेल, तर आकडे तुटतात, म्हणून दशांशासाठी टिंबच राहील याची खात्री करावी. फाईल तपासण्यासाठी एक्सेल वापरू नये. त्यात एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात, आणि अर्धवट उघडलेली फाईल पुन्हा जतन केली की उरलेले बिंदू नाहीसे होतात. मल्टीबीमची एक मध्यम रेषादेखील ही मर्यादा सहज ओलांडते.

बिंदू विरळ करायचे असतील, तर कसे ते ठरवून करावे. दर दहावा बिंदू ठेवणे सोपे आहे, पण त्यात खडकाचा नेमका माथा गळू शकतो. नौकानयनाशी संबंध असेल तिथे ठरावीक चौकोनातला सर्वांत उथळ बिंदू ठेवावा आणि तो त्याच्या मूळ जागीच ठेवावा. चौकोनाच्या मध्यावर सरकवू नये. घनमानासाठी मात्र उथळ बिंदू निवडणे चुकीचे ठरते. त्यामुळे तळ आहे त्यापेक्षा सगळीकडे वर दिसतो आणि उपसायचा गाळ प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो. तिथे सरासरी किंवा मध्यक योग्य.

बिंदूंची संख्या कोटींमध्ये असेल तर लास फॉरमॅट अधिक सोयीचा आहे. तो मुळात हवाई लेझर सर्वेक्षणासाठी बनला असला, तरी धक्के, खांब आणि पाण्याखालच्या भिंती यांच्या दाट मोजणीसाठी तो चांगला चालतो. त्यात निर्देशांक पूर्णांकांत साठवले जातात आणि त्यांच्यासोबत एक गुणक आणि एक आरंभबिंदू दिलेला असतो. गुणक ०.०१ ठेवला तर अचूकता एक सेंटिमीटरवर थांबते. तेवढी पुरेशी आहे का, हे पाहून तो निवडावा.

पायरी ५: पिंगसह द्यायचे असल्यास

दुसरी संस्था तुमच्या डेटावर स्वतः प्रक्रिया करणार असेल, तर एक्सवायझेड देऊन उपयोग नाही. मल्टीबीमसाठी जीएसएफ हा फॉरमॅट चांगला पर्याय आहे. त्यात प्रत्येक पिंग आणि प्रत्येक बीम राहतो, नाकारलेले बीम काढून न टाकता त्यांच्यावर खूण राहते आणि भरतीची किती दुरुस्ती लावली, याचा वेगळा रकाना असतो. स्थान अक्षांश-रेखांशातच साठवले जाते. एक्स्पोर्ट करताना नाकारलेले बीम वगळण्याचा पर्याय दिसला, तर तो बंद ठेवावा, कारण तुम्ही चुकार समजून काढलेला बिंदू पुढच्या माणसाला जहाजाची डोलकाठी वाटू शकतो आणि त्याचे म्हणणे खरेही असू शकते. तळाच्या प्रकाराचा अभ्यास होणार असेल, तर तीव्रतेच्या नोंदी जीएसएफमध्ये गेल्या आहेत का, हे वेगळे पाहावे. त्यासाठी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये निराळी खूण करावी लागते. तीव्रतेच्या कामासाठी जीएसएफसोबत मूळ कच्च्या फायलीही देणे अधिक चांगले.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कच्चे फॉरमॅट वाचण्यासाठी एमबी-सिस्टिम हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते शिकायला वेळ लागतो, पण आपल्या व्यावसायिक सॉफ्टवेअरने काढलेल्या फाईलची उलटतपासणी त्यात करता येते, यासाठी तरी ते संगणकावर असावे.

पायरी ६: पृष्ठभाग द्यायचा असल्यास

ग्रिड बनवताना आधी चौकोनाचा आकार ठरतो आणि तो यंत्राच्या क्षमतेवरून ठरवावा, फाईलच्या आकारावरून नव्हे. एक अंश रुंदीचा बीम ३० मीटर खोलीवर अगदी खाली सुमारे अर्ध्या मीटरचा ठसा उमटवतो, आणि बाजूच्या बीमचे ठसे त्याहून मोठे असतात. अशा ठिकाणी दहा सेंटिमीटरचा ग्रिड काढला, तर तो सूक्ष्म दिसतो, पण त्यातला तपशील खरा नसतो. दुसऱ्या टोकाला, चौकोन फार मोठा ठेवला तर अडथळे सरासरीत विरून जातात. आंतरराष्ट्रीय जलआलेखन संघटनेच्या एस-४४ या मानकात ऑर्डर १ए या दर्जाच्या सर्वेक्षणासाठी ४० मीटर खोलीपर्यंत दोन मीटर बाजूच्या घनाएवढी वस्तू ओळखता यावी, अशी अपेक्षा आहे. पाच मीटरच्या सरासरी ग्रिडमध्ये अशी वस्तू एखाद्या मंद उंचवट्यासारखी दिसेल किंवा दिसणारच नाही.

मग चौकोनात कोणता आकडा ठेवायचा? सरासरी, सर्वांत उथळ, की ब्रायन काल्डर यांनी मांडलेल्या क्यूब पद्धतीने काढलेला अंदाज? क्यूबमध्ये प्रत्येक बिंदूची अनिश्चितता लक्षात घेऊन खोलीचे एक किंवा अधिक अंदाज तयार होतात आणि त्यांतून एक निवडला जातो. कोणतीही पद्धत घेतली तरी फाईलच्या नावात किंवा टिपेत तिचा उल्लेख करावा, कारण ग्रिडकडे पाहून ती ओळखता येत नाही.

फॉरमॅटची निवड आता सोपी होते. बॅग फॉरमॅट एचडीएफ५ वर आधारलेला असून त्यात उंची, अनिश्चितता आणि माहितीपत्रक एकत्र राहतात, म्हणून सर्वेक्षणाचा कायमचा दस्तऐवज म्हणून तो उत्तम. रिकाम्या चौकोनांत त्यात दहा लाख हा आकडा असतो. अपुऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली आणि तळाऐवजी एकच सपाट रंग दिसला, तर बहुधा हा आकडा रिकामा म्हणून ओळखला गेलेला नसतो. नव्या इलेक्ट्रॉनिक नकाशांसाठी एस-१०२ हे त्याच घडणीचे मानक आहे. सामान्य वापरासाठी जिओटिफ (स्थानाची माहिती जोडलेली चित्रफाईल) सर्वांत सोयीचा. त्यात खोलीसाठी ३२ बिट दशांश प्रकार निवडावा. रंगवलेले चित्र आणि खोलीचा ग्रिड हे दोन्ही जिओटिफच असतात, आणि नवखे लोक खोलीच्या जागी रंगीत चित्र पाठवतात, ज्यातून मोजमाप घेता येत नाही. रिकाम्या जागेसाठी उणे ९९९९ सारखा आकडा ठेवावा. शून्य कधीही ठेवू नये, कारण शून्य ही संदर्भपातळीवरची खरी खोली आहे.

अक्षरी ग्रिडच्या सुरुवातीच्या ओळींत आरंभाचे निर्देशांक असतात. ते डाव्या खालच्या चौकोनाच्या कोपऱ्याचे आहेत की मध्याचे, हे त्या ओळींत वापरलेल्या शब्दावरून कळते आणि तिथे घोळ झाला की सगळा तळ अर्ध्या चौकोनाने सरकतो. नेटसीडीएफमध्येही रेषेवर आणि चौकोनात अशा दोन नोंदपद्धती आहेत आणि सरकण्याची भीती तीच. एक मीटरच्या ग्रिडमध्ये अर्धा मीटर सरकणे दिसत नाही, पण आधीच्या आणि नंतरच्या सर्वेक्षणाची वजाबाकी केली की प्रत्येक उताराच्या एका बाजूला गाळ साचलेला आणि दुसऱ्या बाजूला वाहून गेलेला दिसू लागतो.

पायरी ७: साइड-स्कॅन

साइड-स्कॅनसाठी एक्सटीएफ हा फॉरमॅट बहुतेक सगळीकडे वाचला जातो, तरीही तो प्रत्येकजण थोडा वेगळा लिहितो. त्याच्या प्रत्येक पिंगमध्ये नौकेचे स्थान आणि सेन्सरचे स्थान यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत. टोफिशसाठी, म्हणजे नौकेमागे केबलने ओढल्या जाणाऱ्या सोनारसाठी, केबलच्या लांबीनुसार काढलेले स्थान सेन्सरच्या रकान्यात गेले आहे का, हे पाहावे. ते रिकामे राहिले, तर घेणाऱ्याला सगळ्या वस्तू नौकेखाली दिसतील. निर्देशांक मीटरमध्ये आहेत की अंशांत, याची नोंद फाईलच्या सुरुवातीला असते आणि तीही चुकते. नमुने १६ बिटचे असतील तर ते ८ बिटमध्ये उतरवू नयेत, कारण ६५,५३६ पातळ्यांच्या जागी २५६ च उरतात आणि मंद परावर्तन काळ्यात मिसळते.

तिरक्या अंतराची दुरुस्ती एक्सटीएफमध्ये न लावलेली बरी, मोझॅइकमध्ये मात्र ती हवीच. टोफिश तळापासून १० मीटर उंच असेल आणि ध्वनीने मोजलेले अंतर ५० मीटर असेल, तर तळावरचे आडवे अंतर ४८.९९ मीटर येते. फरक नगण्य आहे. पण मोजलेले अंतर १२ मीटर असेल, तर आडवे अंतर केवळ ६.६३ मीटर असते. म्हणजे दुरुस्ती राहिली तर सर्वाधिक विकृती टोफिशच्या अगदी जवळ येते.

मोझॅइक ८ बिटच्या करड्या जिओटिफमध्ये देतात. इथे एक सूक्ष्म गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रिकाम्या जागेसाठी शून्य ठेवले आणि वस्तूंच्या सावल्यांतले मूल्यही शून्यच असले, तर पाहणाऱ्याच्या पडद्यावर सावल्या पारदर्शक होतात, आणि वस्तूची उंची तर आपण सावलीवरूनच काढतो. खऱ्या नमुन्यांची मूल्ये एकपासून सुरू करावीत. आकार कमी करायचा असेल तर एलझेडडब्ल्यूसारखे काहीही न गमावणारे संक्षेपण वापरावे, जेपेग वापरू नये. प्रखर परावर्तन उजळ आहे की गडद, तेही लिहावे, कारण दोन्ही प्रथा प्रचलित आहेत.

छोट्या नौकांवरच्या मासेमारीच्या सोनारांच्या नोंदी, उदाहरणार्थ लोरन्सच्या ‘.एसएल२’ किंवा हमिनबर्डच्या ‘.डॅट’ फाईलसोबतच्या ‘.एसओएन’ फायली, आधी एक्सटीएफमध्ये बदलून घ्याव्या लागतात. हमिनबर्डच्या बाबतीत ‘.डॅट’ फाईल आणि तिच्या नावाचा फोल्डर असे दोन्ही उचलावे; एकट्या फाईलचा उपयोग होत नाही.

पायरी ८: तळाखालच्या थरांचा डेटा

सब-बॉटम प्रोफायलरच्या डेटासाठी सेग-वाय वापरतात. हे मानक १९७५ चे असून भूकंपीय सर्वेक्षणाच्या चुंबकीय फितींसाठी बनले होते, आणि त्याच्या बहुतेक अडचणी त्या वारशातून येतात. सुरुवातीला ३,२०० बाइटचा मजकूर, मग ४०० बाइटची द्विमान माहिती आणि प्रत्येक ट्रेसपूर्वी (एका पिंगच्या नोंदीपूर्वी) २४० बाइटचा शीर्षभाग, अशी त्याची रचना आहे. निर्देशांक पूर्णांकांत साठवले जातात आणि त्यांचा गुणक ७१ व्या बाइटपासून लिहिलेला असतो. गुणक न लिहिता अक्षांश-रेखांश कोनीय सेकंदांत टाकले, तर प्रत्येक पायरी सुमारे ३१ मीटरची होते आणि सरळ रेषा जिन्यासारखी दिसते. नमुन्यांचा प्रकार आयबीएमचा दशांश आहे की आयईईईचा, हे सांगावे. चुकला तर चित्र दिसते, पण तीव्रता विचित्र येते.

खोल पाण्यात यंत्र पिंगनंतर काही वेळ थांबून नोंद सुरू करते. हा विलंब १०९ व्या बाइटपासून पूर्ण मिलिसेकंदांत लिहिला जातो. ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर धरला, तर जाण्यायेण्याचा एक मिलिसेकंद म्हणजे पाऊण मीटर. विलंब अपूर्णांकात असेल आणि एक्स्पोर्टने तो पूर्णांकात बसवला, तर तळ जागोजागी खालीवर उडी मारतो. असे दिसले की भूरचनेत कारण शोधण्याआधी हा रकाना तपासावा.

रेषा आणि आकडे

समखोली रेषा आणि खोलीचे आकडे आराखड्यांसाठी डीएक्सएफमध्ये आणि भौगोलिक प्रणालींसाठी जिओपॅकेजमध्ये द्यावेत. शेपफाईल अजूनही मागितली जाते. ती देताना तिच्या सगळ्या जोडफायली, विशेषतः ‘.पीआरजे’, सोबत असाव्यात, आणि तिच्यात स्तंभांची नावे दहा अक्षरांनंतर कापली जातात, हे लक्षात घेऊन ती आधीच छोटी ठेवावीत. डीएक्सएफमध्ये रेषांना खरी उंची दिली आहे की त्या सपाट आहेत, एवढे पाहावे.

पायरी ९: दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासावे

ज्या सॉफ्टवेअरने फाईल लिहिली त्यातच ती उघडून तपासणे ही तपासणी नव्हे, कारण लिहिताना केलेली चूक तेच सॉफ्टवेअर वाचताना निस्तरून टाकू शकते. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा जीडीएएल या भौगोलिक फायली वाचणाऱ्या मुक्त संचाच्या साधनांनी फाईल नव्या, रिकाम्या प्रकल्पात उघडावी. मग मूळ सॉफ्टवेअरमधून पाच-सहा बिंदू निवडावेत. एक सपाट तळावर, एक तीव्र उतारावर, एक सर्वात उथळ जागी, एक क्षेत्राच्या कडेला आणि शक्य असल्यास एखाद्या ओळखीच्या वस्तूवर. प्रत्येकाचे स्थान आणि खोली दोन्हींकडे वाचून कागदावर शेजारी शेजारी लिहावी. सपाट तळावरचा बिंदू पातळीची आणि भरतीची चूक दाखवतो, उतारावरचा बिंदू सरकलेले स्थान दाखवतो. सगळ्या बिंदूंत सारखाच फरक आला तर संदर्भपातळी किंवा दुरुस्ती पाहावी. फरक खोलीबरोबर वाढत गेला तर एकक किंवा ध्वनिवेग पाहावा.

याशिवाय बिंदूंची एकूण संख्या, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त खोली आणि चारही बाजूंच्या सीमा मूळाशी जुळवाव्यात. कमाल किंवा किमान खोलीच्या जागी उणे ९९९९ किंवा दहा लाख दिसले, तर रिकाम्या जागा बिंदू म्हणून गेल्या आहेत.

पायरी १०: सोबतची टीप आणि पाठवणी

प्रत्येक फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक टीप असावी. तिच्यात सर्वेक्षणाच्या तारखा, यंत्राचे नाव, निर्देशांक प्रणाली, उभी संदर्भपातळी, चिन्हपद्धत, एकके, वेळेची पद्धत, लावलेल्या दुरुस्त्या, ग्रिडचा आकार आणि पद्धत, रिकाम्या जागेचा आकडा आणि एक्स्पोर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहावी. फाईलच्या नावात मोकळी जागा टाळावी आणि तारीख वर्षापासून सुरू करून लिहावी, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’ अशा नावांऐवजी आवृत्तीचा क्रमांक द्यावा.

मोठ्या फायली पाठवताना अर्धवट पोचण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक फाईलची एसएचए-२५६ बेरीज (फाईलच्या आशयावरून निघणारी तपासखूण) काढून तिची यादी सोबत द्यावी आणि घेणाऱ्याला ती जुळवून पाहायला सांगावे. एक्स्पोर्टच्या खिडकीचे पडद्यावरील चित्र किंवा सॉफ्टवेअर देत असेल तर मांडणीची फाईल आपल्याकडे जपून ठेवावी. काही महिन्यांनी त्याच क्षेत्राचा शेजारचा भाग त्याच पद्धतीने मागितला जातो, तेव्हा दोन भागांची सांधेजोड या एका चित्रावर अवलंबून असते.